विटाळाच्या खोलीतलं विमान

मार्गशीर्ष शुद्ध १२, शके १८१०. कल्याण.

सकाळी कावळा शिवला आणि मी सुटले. असं लिहिणारी ह्या घरातली मीच पहिली असेन. लिहिणारीच मी पहिली, तेव्हा त्यात मोठेपणा नाही.

गोठ्याला लागून ही खोली. घोंगडी, तांब्या, एक ताट, झालं. तीन दिवस मला कोणी शिवायचं नाही आणि मी कशाला शिवायचं नाही. सासूबाई लांबून पान सरकवतात. आत्याबाई, म्हणजे मामंजींची विधवा बहीण, माझी सावली पडली तरी आंघोळ करतात आणि कुडकुडत माझ्याच नावानं बोटं मोडतात. एरवी पहाटेच्या सड्यापासून शेवटच्या खरकट्यापर्यंत मला एका जागी टेकलेली कोणी पाहिली असेल तर त्यानं शपथेवर सांगावं. विटाळशीनं लेखणी धरली तर सरस्वती कोपते म्हणतात. अण्णांनी माहेरी ठाण्याला घरी बसवून मला लिहायला शिकवलं तेव्हा हे सांगायचं राहून गेलं. कोपायची असती तर एव्हाना कोपली असती.

पण आज लिहिण्याहून मोठं काम काढलं आहे. दिवाळीत इकडून हापिसातलं एक जुनं इंग्रजी मासिक घरी आणणं झालं. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या साहेबानं टाकून दिलेलं. त्यात फ्रान्सातल्या कुणा गृहस्थानं केलेल्या खेळण्याचं चित्र आहे. एक काठी, पुढे दोन पंख, मागे शेपटी आणि शेपटीच्याही मागे फिरता पंखा. काठीखाली रबर ताणून बसवायचं. पंखा उलटा फिरवून रबराला पीळ भरायचा आणि सोडायचं, की ते आपलं आपण उडतं. दोरी नाही, वारा नको. स्वारीनं दोन रविवार खटपट केली, बांबूच्या कामट्या मोडल्या, बोट कापून घेतलं, आणि "फ्रेंचांची थाप आहे" म्हणून सगळं गोठ्याच्या माळ्यावर भिरकावलं.

मी ते आज खाली काढलं. इथे आलेली वस्तू बाहेर नेत नाहीत आणि आत येऊन बघत नाहीत. ह्याहून चांगला कारखाना कुठे मिळायचा?

मार्गशीर्ष शुद्ध १४

थाप नाही. स्वारीचं घाईचं काम होतं, इतकंच. बांबूचे पंख इतके जड केले होते की त्यावर पापड वाळत घालता आले असते.

बांबूऐवजी भेंड घ्यावं असं मनात आलं. मखराच्या फुलांचं भेंड, हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. भेंडाची फुलं, बाशिंगं करणारी सखुबाई मागच्या वाटेनं जाते, तिला हाक मारली. ती कुंपणाबाहेर, मी आत. तिला आमच्या घरात यायची बंदी आणि मला घरात जायची, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. एक जुनेर देऊन मी पेंडीभर भेंड घेतलं.

"मखर करताव काय, वैनी, आता थंडीत?"

"चतुर करतेय," मी म्हटलं. पावसानंतर तळ्यावर भिरभिरतात ते चतुर. ती हसली. मला वेड लागलं असं तिला वाटलं असेल, पण तिनं ते घरच्यांना सांगितलं नाही, म्हणजे बाई भली.

पंखांच्या फासळ्या कापून झाल्या. उद्या न्हाले की पुन्हा मी सगळ्यांची. चतुर घोंगडीत गुंडाळून आढ्याला टांगते.

पौष शुद्ध ११

ह्या खेपेला सासूबाईंनी पान सरकवलं नाही, आदळलं. "बसलीस का पुन्हा?" म्हणाल्या. जसं काही मी मुद्दाम बसते. लग्नाला सात वर्षं झाली, नांदायला येऊन पाच. सोळा सोमवार झाले, पिंपळाच्या प्रदक्षिणा झाल्या, कुठल्याशा बुवाचा अंगारा खाऊन झाला. माझं काय ते माझं मलाच ठाऊक. प्रत्येक महिन्याला ह्या खोलीत आले की मला दोनदा वाटतं. आधी रडू येतं आणि मग हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटते. चला, कामाला लागावं.

पंखांना पतंगाचा कागद लावला. खळ भाताची, पातळ. कागद ओलसर करून लावला की वाळताना आपोआप ताणून बसतो. पंखा ताडाच्या पानाचा. दोन पाती चुलीच्या वाफेवर धरून पीळ द्यावा लागतो, आणि चूल तर मला वर्ज्य. मग ताटातल्या कढत भाताची वाफ वापरली. भात गार खाल्ला. पंख्याचा आस तोरणाच्या पितळी तारेचा, आणि तो घासू नये म्हणून मध्ये काचेचा एक मणी.

पौष शुद्ध १२

सोडला. नाक खाली घालून सरळ शेणात.

पुन्हा सोडला. आता नाक वर करून चढला, क्षणभर जागीच थबकला आणि पाठीवर पडला. पंख काठीवर मागे घेतले तर नाक खाली, पुढे घेतले तर नाक वर. दोन बोटांवर पंखाखाली तोलून धरला तर आडवा राहिला पाहिजे, एवढं मला दुपारपर्यंत कळलं. डावीकडे वळतो ते का, ते नाही कळलं.

संध्याकाळी स्वारी विहिरीशी हातपाय धुवायला आली आणि तिथेच उभी राहिली. "हे तू केलंस?" असं विचारणं झालं. मी मान डोलावली. घरात चार माणसांत नवऱ्याशी बोलायची सोय नाही. इथे लांब उभं राहून बोललं तर कोणाची हरकत नसते, कारण लांब उभं राहणं शास्त्रातच आहे. तर आम्ही बोललो. दिवेलागणीपर्यंत बोललो. शेपटी किंचित वर उचल म्हणाले. डावा पंख उजव्यापेक्षा जड असेल, पुन्हा बघ म्हणाले. आणि म्हणाले, रबर शिळं झालंय, हापिसात कागदांच्या पुडक्यांना बांधायचं ताजं येतं, ते आणतो.

खरं लिहायचं तर, लग्नानंतर मला हा माणूस आवडला तो आज. तोही विहिरीइतक्या अंतरावरून.

माघ वद्य ३

आज मी एक लबाडी केली.

माझी वेळ केव्हाच टळून गेली. घरात पापड, सांडगे, कुरडया ह्यांची झुंबड. हात दुखतात, कधी नव्हे ती दुपारी बसल्या जागी झोप येते, आणि कावळ्याचा पत्ता नाही. तिकडे ताजं रबर येऊन पडलेलं. स्वारीनं ते गोठ्याच्या फटीतून आत सरकवून ठेवलं होतं, मला न सांगता. शेवटी आज सकाळी मी सासूबाईंना सांगितलं, मला शिवू नका.

त्या एकदम खाली बसल्या. डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "ह्या खेपेला मला फार आशा होती गं." मग आत जाऊन आत्याबाईंशी काही कुजबुजल्या.

पाप झालं का? विटाळ असून नाही म्हटलं असतं तर घर बाटलं असतं. मी नसताना आहे म्हटलं. आत्याबाईंना तीन आंघोळी फुकट घडतील, तेवढंच. त्या अंगानं बऱ्या धडधाकट आहेत.

नव्या रबराचा वास मात्र भयंकर. सकाळी हुंगलं आणि न्याहारी बाहेर आली. खळीचाही वास सोसेना. सखुबाईनं कुंपणावरून मूठभर बोरं दिली ती कच्ची, आंबट होती. सगळी खाल्ली, बिया चोखून.

संध्याकाळी स्वारी आली. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "कावळा आलाच नाही. मीच बोलावला." आधी त्यांना कळेना. मग इतके हसले की गाय हंबरली. आणि आले की जवळ, चक्क उंबऱ्यावर टेकले, माझ्या हातातून चतुर घेतला. दिवसाउजेडी इतक्या जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो. त्यांच्या कानामागे तीळ आहे हे मला आज कळलं.

"मग किती दिवस वर गेले?" त्यांनी विचारलं.

"मोजले कोणी? आठ-दहा असतील."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं काही बोलतील. मग म्हणाले, "रबर जरा सैल बसव. पीळ अधिक मावेल."

माघ वद्य ४, संकष्टी

सासूबाई आणि स्वारी टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेल्या. असं ठरल्याचं मला ठाऊक नव्हतं. स्वारीनं लग्नातला शेला घेतला होता. सासूबाईंनी नारळ, खण, पेढे बरोबर घेतले. माझ्यासाठीच नवस असणार. काल त्या रडल्या तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतंय. लबाडीची बोच लागली आहे. न्हाले की त्यांचे पाय चेपून देईन.

परत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. शेजारीपाजारी साखर वाटली. मला नाही दिली, बाजूला म्हणून. गणपतीच्या साखरेलाही विटाळ होतो वाटतं.

स्वारी विहिरीवर आली नाही. दमली असेल.

माघ वद्य ५

उडाला! उडाला! उडाला!

पीळ भरता भरता बोटं लाल झाली. रबराला गाठींवर गाठी चढल्या तरी भरत राहिले. उजव्या पंखाच्या टोकाशी मेणाचा एक कण, शेपटी नखभर वर. हात खांद्याइतका उचलला आणि ढकललं नाही, नुसतं सोडलं. चतुर घरघरत निघाला. गोठ्यावरून गेला, विहिरीवरून गेला, शेवग्याला वळसा घातला. डावीकडे वळायची खोड गेली नाही, पण आता ती वळणं मोठी, डौलदार. आणि रबर संपल्यावर पडला नाही. तरंगत, तरंगत गवतावर उतरला, कोणी अलगद ठेवावा तसा.

मी तोंडात पदर कोंबून नाचले. त्याला कोणी हात लावलेला नव्हता, कशाला बांधलेला नव्हता. मला वाटलं मीच तिथे वर आहे आणि आमचं घर, ती कौलं, तो गोठा, सगळं खाली बारकं दिसतंय.

स्वारी दारात उभी होती. केव्हा आली कोण जाणे. मी म्हटलं, "पाहिलंत?" त्यांनी मान हलवली. डोळे पाण्यानं भरले होते. बंबाचा धूर होता थोडा. "फार छान केलंस गं," म्हणाले, आणि आत गेले. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त भरून आलेलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

फाल्गुन शुद्ध ८

मी बाजूला नाही. तरी लिहिते आहे, चुलीपुढे बसून, आणि कोणी आलं तर वही जळणात टाकीन.

मागच्या दारी सखुबाई आली होती. मी भेंड मागितलं. म्हणाली, "न्हाय ओ वैनी. व्हतं नव्हतं ते बाशिंगाला लागंल. तुमच्या सासूबायनीच सांगून ठेवलंय, नक्षीचं पायजे म्हणून."

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "माजे आय! तुमाला कुनी बोललं न्हाय?"

मग तिनं सांगितलं. वैशाखात. टिटवाळ्याची मुलगी, अकरा वर्षांची. साखरपुडा संकष्टीला झाला.

ती गेल्यावर मी पिठाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. सासूबाईंनी म्हणे माघापर्यंत वाट बघायची असं ठरवलं होतं. माघात मी बसले की शब्द द्यायचा. मी बसले.

मी बसले. खोटीच.

फाल्गुन शुद्ध १५, होळी

पुरणाच्या वासानं मला भडभडून आलं आणि मी न्हाणीकडे धावले. मागे वळून पाहते तर आत्याबाई. सोवळं नेसलेल्या, हात लांब धरून.

"किती दिवस होतंय हे?" त्यांनी विचारलं.

तेव्हाच मला ते कळलं. रबराचा वास, ती बोरं, ती झोप. बाकी कोणालाही महिन्यापूर्वीच कळलं असतं. मी चतुराची शेपटी बघत बसले होते.

आत्याबाई बोटांवर काही मोजत होत्या. "पण तू माघात बाहेर बसली होतीस," त्या म्हणाल्या. माझं तोंड त्यांनी वाचलं असावं. "अगं चांडाळणी, मी तीन दिवस गारठ्यात न्हाले ते कशासाठी?"

मला हसू आलं आणि लगेच रडू कोसळलं. मला शिवायचं नसतानाही त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा आंघोळीला गेल्या.

फाल्गुन वद्य २

सगळीकडून कोंडले आहे. लिहून बघते, कुठे फट सापडते का.

गप्प राहिले तर वैशाखात सवत येते. सांगितलं, आणि माघाची लबाडी झाकली, तर म्हणतील चार दिवस वर गेले एवढ्यावर लग्न मोडायला निघाली. आणि पोर महिनाभर आधी, पण चांगलं भरलेलं जन्माला आलं, की बायका बोटं मोजतील. खरं सगळं सांगितलं तर विटाळाबद्दल खोटं बोलणाऱ्या बाईचं पोटातलं कोण खरं मानणार? ठाण्याला पळाले तर अण्णांचं तोंड काळं.

साक्षीदार एकच. त्यांना मी उंबऱ्यावर सांगितलं होतं. त्यांना ठाऊक आहे. त्यांनी एक शब्द उच्चारला की मी सुटले. ते कसे विसरले कोण जाणे, पुरुषांच्या लक्षात राहत नाहीत ह्या गोष्टी. त्यांना आठवण करून द्यायला हवी. पण टिटवाळ्याहून आल्यापासून अंथरूण ओसरीवर, जेवण मामंजींच्या पंगतीला. बाजूला बसल्याशिवाय मला नवऱ्याशी बोलता येत नाही, आणि आता मला बाजूला बसता येत नाही.

फाल्गुन वद्य ६

सांगितलं.

माजघरात सासूबाई निवडत होत्या, आत्याबाई जप करत होत्या. मी मध्ये उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलले. चतुराचंसुद्धा.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "खेळण्यासाठी विटाळाचं खोटं बोललीस. मग हे खरं कशावरून? चार माणसांत मी काय सांगू? माघात बाहेर बसलेल्या बाईला पौषापासून दिवस? कुणाचं म्हणून सांगू?"

कुणाचं. हा शब्द त्यांनी माझ्या तोंडावर टाकला. मला अंगभर आग लागली. मी म्हटलं, "त्यांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक आहे."

त्यांना बोलावलं. हापिसातून नुकतेच आले होते, पगडी हातातच होती. सासूबाईंनी विचारलं, "हरिहर, ही म्हणते माघात ती बसली नव्हती, आणि तुला ठाऊक होतं. खरं का?"

ते पगडीच्या घेराकडे बघत होते. मी देवाचं नाव घेतलं. मनात म्हटलं, हो म्हणा, एवढं एकदा हो म्हणा, जन्मात दुसरं काही मागणार नाही.

"हो," ते म्हणाले. "खरं आहे. तिनं मला सांगितलं होतं."

मी खांब धरून रडले. सासूबाईंनी देवाला हात जोडले. सगळं सुटलं असं वाटलं.

तेवढ्यात आत्याबाईंनी जपाची माळ थांबवली. "कधी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"संकष्टीच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे टिटवाळ्याला जायच्या आधी," आत्याबाई म्हणाल्या, आणि माळ पुढे ओढली.

ते विसरले नव्हते. उंबऱ्यावर दिवस विचारले ते त्यांनीच. दुसऱ्या दिवशी लग्नातला शेला घेऊन निघाले तेही त्यांनीच.

मग सासूबाईंनी निकाल दिला. दिलेला शब्द मोडायचा नाही, पण मुलगी लहान आहे, थांबेल. मला मुलगा झाला तर बघू. मुलगी झाली तर मार्गशीर्षात मुहूर्त धरू. मला उद्यापासून जड काम नाही, विहिरीवर जायचं नाही, गोठ्याकडे फिरकायचं नाही, मागच्या दारी तर मुळीच नाही. आत्याबाईंच्या खोलीत झोपायचं. दुपारी दुधात केशर मिळेल.

फाल्गुन वद्य ८

आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी खिडकीशी बसले होते. ते आले. आता लांब उभं राहायचं कारण नव्हतं, म्हणून अगदी जवळ आले. एका हातात चतुर होता, दुसऱ्यात ताज्या रबराची लड. आढ्यावरून शेणामातीत पडून पंखाचा कागद फाटला होता तो त्यांनी स्वतः चिकटवून आणला होता, बराच नीट.

"आईपुढे तोंड उघडेना गं," ते म्हणाले. "सगळं ठरलेलं होतं. आणि वाटलं, नसलंच काही, नुसते दिवस वर गेले असले, तर उगाच तुझीच फजिती." त्यांनी रबराची लड बोटाला गुंडाळली. "शेवटी बोललो ना मी? सगळ्यांसमोर बोललो."

बोलले. ते खोटं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता तितका आला नाही, ह्याचंच मला जास्त दुःख झालं. कानामागचा तीळ दिसत होता.

"चल, मागे कोणी नाहीये," ते म्हणाले. "एकदा उडवू. मी पीळ भरतो, तू सोड." आणि मला उठवायला त्यांनी माझ्या खांद्याकडे हात नेला.

"मला शिवू नका," मी म्हटलं.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग ते मागे सरले, चतुर खिडकीत ठेवला आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. कारण त्यांनी विचारलं नाही.